ताई, तिकीट कापलेलं नाही, पण चूक आमची आहे

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर पाडता पाडता वाचला, मग घरी जाऊन परत वाचला. बाकी वाचणाऱ्यांना समजावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. ताईंनी वडिलांच्या पंचाहत्तरीसाठी आमच्या नागपुरातल्या बर्डीवरच्या दुकानातून ओक्लाहोमा या अमेरिकन म्युझिकलवरचं, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकावरचं, एक कोरं पोस्टाचं तिकीट आणि एक फर्स्ट डे कव्हर (तिकीट निघालं त्याच दिवसाचा शिक्का मारलेलं पाकीट) असं मिळून ९०० रुपयांना नेलं, घरी जाऊन पाहिलं तर कव्हरवरच्या तिकिटाला चारही बाजूंनी दाते आणि कोऱ्या तिकिटाच्या डाव्या-उजव्या कडा एकदम सपाट, म्हणून त्यांनी लिहिलं की "कैचीनं कापलेला माल खपवला". दुकानातल्या पोराला विचारलं तर तो म्हणाला असंच येते मॅडम. मला व्हॉट्सॲप केला तर चार दिवस उत्तर नाही. आणि २९ सेंटच्या तिकिटाचे एवढे पैसे म्हणजे लूट आहे. एक स्टार.

चार दिवसांचं आधी बोलतो. घरचं लग्न होतं, मी अमरावतीला होतो, पण दुकान तर चालू होतं ना, उत्तर जायलाच पाहिजे होतं. ते गेलं नाही, माफी मागतो. पोरगा नवीन आहे, दोन महिने झाले. तिकीट चिमट्यानं कसं धरायचं, बोट काऊन लावायचं नाही हे त्याला शिकवलं पण बुकलेटचं, म्हणजे छोट्या पुस्तिकेतलं, तिकीट काय राहते हे मी कधी सांगितलंच नाही, म्हणून त्याला दोष देऊ नका, तो दोष माझ्याकडे येते.

पण ताई, तिकीट कापलेलं नाही. हे मी तुमच्याशी फोनवर बोललो असतो, पण तुम्ही "कापलेलं" हा शब्द सगळ्यांसमोर लिहिला म्हणून सगळ्यांसमोरच सांगून राहिलो. आमच्या धंद्यात एक दाता तुटला तरी तिकिटाची किंमत पडते, आणि दुकानदार स्वतः कड छाटून विकते असं एकदा पसरलं की जुना गिऱ्हाईकसुद्धा अल्बम घेऊन परत दुकानात चढत नाही.

ओक्लाहोमा न्यूयॉर्कच्या सेंट जेम्स थिएटरात ३१ मार्च १९४३ ला उघडलं, संगीतकार रॉजर्स आणि गीतकार हॅमरस्टाइन या जोडीचं पहिलं काम, आणि त्याचे सलग २२१२ प्रयोग झाले. त्याला पन्नास वर्षं होत होती तेव्हा अमेरिकेच्या पोस्टानं बरोबर एक दिवस आधी, ३० मार्च १९९३ ला, ओक्लाहोमा सिटीत हे २९ सेंटचं तिकीट काढलं. ते शीटमधे होतं, आजूबाजूला, वर-खाली सगळीकडे तिकिटंच, म्हणून फाडलं की चारही बाजूंनी दाते येतात. तुमच्या कव्हरवर आहे ते हे. मग त्याच वर्षी १४ जुलैला न्यूयॉर्कला पोस्टानं एक छोटी बुकलेट काढली, त्यात चार म्युझिकल, शो बोट, पोर्गी अँड बेस, ओक्लाहोमा आणि माय फेअर लेडी. (ही शेवटची बाबांना लगेच समजेल, पुलंची फुलराणी ज्या पिग्मॅलियनवरून आली त्यावरूनच तीही आली.) या बुकलेटमधे चार तिकिटं एकाखाली एक अशा पट्टीत आहेत, शेजारी कोणी नाहीच, म्हणून छिद्रं फक्त आडवी पाडलेली आणि डावी-उजवी कड छापखान्यातच सरळ कापून आलेली. तुमचं कोरं तिकीट या पट्टीतलं आहे.

माझ्या शब्दावर नका जाऊ. काल रात्री माझ्याकडची एक अख्खी पट्टी काढली, दिव्याखाली धरली आणि भिंगानं पाहिली. तिकीट फाडलं की दात्यांच्या टोकाला कागदाचे बारीक बारीक तंतू निघतात, मऊ, पण पट्टीच्या बाजूची कड वरून खालपर्यंत एका रेषेत, चारही तिकिटांना सलग एकच. तुम्ही दुकानात या, ती पट्टी तुमच्या तिकिटाशेजारी ठेवून दाखवतो. आणि याहून पक्की गोष्ट म्हणजे मोजमाप. २ सेंटिमीटरमधे किती छिद्रं येतात ते मोजायची एक मोजपट्टी राहते, शीटवाल्या ओक्लाहोमाचं माप १० येते आणि बुकलेटवाल्याचं ११. आता मी जर शीटवालं तिकीट घेऊन बाजूचे दाते छाटले असते तर वरच्या-खालच्या दात्यांचं माप १० च राहिलं असतं ना, ते कैचीनं बदलत नाही. तुमच्या तिकिटाचं ११ येईल. दुसऱ्या कोणत्याही संग्राहकाकडे नेऊन मोजून घ्या, आमच्याकडेच या असंही म्हणत नाही.

आता आमची चूक, आणि ती मोठी आहे. तिकीट आणि कव्हर ज्या कार्डावर लावून दिलं त्यावर खाली माझ्याच अक्षरात लिहिलं आहे, "ओक्लाहोमा, ३० मार्च १९९३". एकच तारीख दोघांना. कव्हरसाठी ती बरोबर आहे, कोऱ्या तिकिटासाठी चूक, त्याच्याखाली १४ जुलै १९९३, बुकलेटमधलं, असं यायला पाहिजे होतं. घाईत लिहिलं, लग्नाला निघायच्या आदल्या दिवशी. तुम्ही दोन तिकिटं शेजारी ठेवली, तारीख एकच वाचली, कडा वेगळ्या पाहिल्या, मग तुम्हाला दुसरं काय वाटणार होतं? ते कार्ड बरोबर लिहिलेलं असतं तर हा रिव्ह्यू आलाच नसता. तुम्ही नीट पाहिलं म्हणून सापडलं.

पैशांचं. तिकीट दुर्मिळ नाही, अमेरिकेत कोट्यवधींनी छापलेलं आहे, आणि मी ते दुर्मिळ म्हणून विकलं नाही. २९ सेंट हा त्या वेळी तिकडे साध्या पत्राचा दर होता, तिकडे पोस्टात तो कितीला मिळे आणि तीस-बत्तीस वर्षं गोंद न बिघडता सांभाळलेलं नागपुरात कितीला पडते हे दोन वेगळे हिशोब आहेत. तुमच्या ९०० मधे कव्हरचे ५५०, कोऱ्या तिकिटाचे १५०, आणि ॲसिड नसलेला कार्ड, माउंट (तिकीट ठेवायची पारदर्शक पिशवी) आणि लिखाण याचे २०० आहेत. पण बिलावर आम्ही एकच ओळ लिहिली, हे असं फोडून लिहिलं नाही. इथून पुढे लिहू. लिखाणाचे पैसे तर मला घ्यायचा हक्कच नाही आता, ते २०० तुमचे परत.

तुम्ही रिव्ह्यूत फ्रेमचा फोटो टाकला आहे म्हणून एक काळजीची गोष्ट, हिला उत्तर समजू नका. तिकीट वाकून राहिलं आहे आणि एका कोपऱ्यात काचेला टेकलं आहे. या तिकिटाच्या मागे पाण्यानं ओला होणारा गोंद आहे. फोटोत मागे कूलर दिसते, मे महिन्यात आपल्याकडे कूलरशिवाय जमतच नाही, पण त्याची हवा ओली राहते, रात्रभर गोंद ओलावा पिते आणि दुपारी कूलर बंद झाला की ४५ डिग्रीत सुकते, असं रोज होऊन होऊन तिकीट वळते आणि शेवटी काचेला चिकटते. चिकटलं तर ओढू नका, कृपा करून, चित्राचा थरच निघून येते. फ्रेम आजच त्या खोलीतून हलवा आणि तशीच घेऊन या, मी उघडून देतो. काच आणि कार्ड यांच्यामधे पुठ्ठ्याची एक चौकट टाकली की काच टेकत नाही, त्याचे पैसे नाही घेणार.

आणि हो, कव्हरवरच्या तिकिटावर शिक्का मारून खराब केलं असं खाली कोणीतरी विचारलं आहे. फर्स्ट डे कव्हरचा अर्थच तो आहे, ज्या दिवशी ज्या गावात तिकीट निघालं त्याच दिवसाचा त्याच गावचा शिक्का. तो नसता तर ते नुसतं पाकीट.

तुमच्या रिव्ह्यूतली एक ओळ माझ्या मनातून जाऊन नाही राहिली, की बाबांनी तरुणपणी संगीत नाटकात कामं केली आणि पंचाहत्तरीच्या दिवशी सगळ्यांसमोर हे कार्ड काढलं तेव्हा कोणीतरी म्हणालं, अरे हे तर कापलेलं आहे. ते दृश्य मला वाईट वाटून गेलं, बाबांना माझ्याकडून नमस्कार सांगा. १९९३ सालीच, ज्या वर्षी तिकडे ओक्लाहोमा निघालं, आपल्या पोस्टानं मास्टर दीनानाथ मंगेशकरांचं तिकीट काढलं होतं, बलवंत संगीत मंडळीवाले दीनानाथ. माझ्याकडे त्याचं एक चांगलं कोरं आहे. ते बाबांसाठी काढून ठेवलं आहे, नवीन कार्डावर ओक्लाहोमाची दोन्ही तिकिटं आपापल्या बरोबर तारखेसह आणि खाली दीनानाथ, असं लावून देतो. नको असेल तर तेही चालेल, सगळं परत द्या, ९०० च्या ९०० देतो, वाकलेल्या तिकिटाचे कापणार नाही.

स्टार एकच ठेवा, उशीर झाला, कार्ड चुकलं, त्याला एकच बरोबर आहे. फक्त मोजून घेतल्यावर ११ आलं तर "कापलेलं" तेवढा शब्द काढा, एवढी विनंती आहे.

सोमवार ते शनिवार ११ ते ८ मी स्वतः दुकानात आहे. तुमच्या २०० रुपयांचं पाकीट गल्ल्याच्या वरच्या खणात ठेवलं आहे, मी जेवायला गेलेलो असलो तरी पोराला माहीत आहे.