किनेन यांची पॅरिसमधील ती शर्यत

आयरिश जॉकी (शर्यतीच्या घोड्यांचे स्वार) मायकेल किनेन यांच्या कारकिर्दीचा आढावा घेणाऱ्या आपल्या लेखात त्यांच्या तेरा वेळच्या आयरिश अजिंक्यपदाला मध्यवर्ती स्थान दिले आहे. ते योग्यच आहे. परंतु त्यांचे मोठेपण मला आयर्लंडबाहेरच्या विजयांत अधिक जाणवते. १९९० मध्ये प्रशिक्षक डर्मट वेल्ड यांच्या ‘गो अँड गो’ या घोड्यावर त्यांनी अमेरिकेतील बेलमाँट स्टेक्स जिंकली आणि १९९३ मध्ये ‘व्हिंटेज क्रॉप’वर ऑस्ट्रेलियातील मेलबर्न कप. उत्तर गोलार्धात तयार झालेल्या घोड्याने तो कप जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती.

२००९ च्या ‘सी द स्टार्स’बद्दल मात्र लेखात एकच ओळ आहे, याची खंत वाटते. एप्सम डर्बीसह ओळीने पाच मोठ्या शर्यती जिंकून आलेला हा घोडा पॅरिसच्या आर्क शर्यतीत सुरुवातीला लगामाला जुमानत नव्हता आणि पुढे कठड्यालगत इतर घोड्यांमागे कोंडला गेला, तरीही पन्नाशीतल्या किनेन यांनी घाई न करता फट मिळेपर्यंत त्याला आवरून धरले आणि शर्यत जिंकली, हा संयम मला त्यांच्या साऱ्या कौशल्याचा कळस वाटतो. २००१ मध्ये याच घोड्याच्या सावत्र भावावर, ‘गॅलिलिओ’वर, त्यांनी डर्बी जिंकली होती आणि दोघांची आई ‘अर्बन सी’ स्वतः १९९३ ची आर्कविजेती होती, हेही लेखात यायला हवे होते. २००९ च्याच डिसेंबरात किनेन निवृत्त झाले.