उभी करणं वेगळं, राहणं वेगळं

स्वतःच्या प्लॉटवर कॅराव्हॅनला (चाकांवरच्या फिरत्या घराला) कसलीच परवानगी लागत नाही, असं एका लेखात म्हटलंय; ते अर्धवट आहे. ओढायची ट्रेलर-कॅराव्हॅन मोटार वाहन कायदा १९८८ नुसार वाहनच, तिची स्वतंत्र नोंदणी हवी. चाकं काढून ओट्यावर बसवली, नळ-सांडपाणी कायमचं जोडलं, की ती बांधकामात गणली जाऊन एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा १९६६ खाली नोटीस येऊ शकते. नागपूर शहरात हे महापालिका किंवा नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) बघते, बाहेर एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). आपला लेआउट कोणाकडे आहे ते आधी बघा. सातबारा शेतीचा असेल तर कॅराव्हॅन भाड्याने देण्याआधी तहसीलमध्ये अकृषिक (बिगरशेती) वापराचं नक्की विचारा.

आणि आपली काळी माती! पावसात फुगते, कॅराव्हॅनला टेकू देणारे जॅक एका बाजूने खचतात, सांगाडा पिळवटून दार अडकतं. माती उकरून मुरूम दाबून भरा, जॅकखाली जाड फळ्या ठेवा. उन्हाळ्यात टायर झाकाच.