नव्याकोऱ्या लेन्समध्ये कचरा, आणि वर म्हणे ‘नॉर्मल आहे’!

आज पाचवा दिवस. परतीची मुदत सातव्या दिवशी संपते. खोकं, आतलं फोम, वॉरंटी कार्ड, सगळं जपून टेबलावर मांडून ठेवलंय आणि मी रोज रात्री टॉर्च घेऊन एकाच काचेत डोळे खुपसून बसते. नवीन लेन्स आली की माणूस माणसांचे फोटो काढत सुटतो. मी पाच दिवस भिंतीचे आणि आभाळाचे काढतेय!

८५ मिलिमीटर, एफ/१.८ (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं). कितीतरी महिने पैसे बाजूला टाकून घेतलेली. सील मी स्वतः फोडलं. खिडकीपाशी तिरकी धरली तर पुढच्या काचेखाली एक धागा. आखूड, पापणीच्या तुटक्या केसाएवढा, एका टोकाला वळलेला. वाटलं, वरच बसलाय. ब्लोअर मारला, हलला नाही. मायक्रोफायबरने पुसलं, तरी तिथेच. मग बोट काचेवर टेकवून पाहिलं तेव्हा कळलं, बोट वर आणि धागा खाली. आत. शेजारी दोन-तीन पांढरे कण. नव्या लेन्समध्ये!

मैत्रिणीला दाखवलं तर म्हणाली, “अगं, फोटोत येतंय का? नाही ना? मग कशाला जीव जाळतेस?” ज्याला सांगावं तो हेच ऐकवतो. मला माहीत नाही का? पुढच्या काचेजवळचा कण फोकसपासून इतका लांब असतो की फोटोत त्याचा ठिपका उमटत नाही. मागच्या काचेजवळचा जास्त त्रास देतो. टॉर्च मारला तर कुठल्याही लेन्समध्ये चांदण्या दिसतात, हेही ठाऊक आहे. माझ्या जुन्या झूममध्ये भरपूर धूळ आहे. ती नळी आत-बाहेर होते, हवा ओढते, हवेबरोबर धूळ येते. त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही, कारण ती माझ्या वापराने जमलेली आहे. पण हिने तर मी एकही फोटो काढला नव्हता. हा धागा कारखान्यातून आला, आणि तो डोळ्यांना दिसतो. तपासणीच्या टेबलावर कुणालाच कसा दिसला नाही?

तरी मी घाई केली नाही. नीट तपासलं. स्वच्छ आभाळाचा फोटो एफ/१६ ला काढला, तर दोन काळे डाग. पोटात गोळाच आला. मग कॅमेऱ्यावर दुसरी लेन्स लावली, तेच डाग, त्याच जागी. म्हणजे तो सेन्सरवरचा, कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या चिपवरचा कचरा, लेन्सचा नाही. साफ केला, पुन्हा काढला, आभाळ एकदम स्वच्छ. मनात आलं, राहू दे, ठेवूया.

आणि त्याच संध्याकाळी लांबच्या दिव्यांसमोर भाचीला उभं केलं. एफ/१.८. चेहरा अप्रतिम, डोळ्यांची पापणीन् पापणी वेगळी. मागे दिव्यांचे गोल. मोठं करून पाहिलं तर गोलांच्या कडेजवळ करडी, वाकडी रेघ. एका गोलात नाही, बहुतेक सगळ्या गोलांत, जरा इकडेतिकडे सरकलेली, पण रेघ तीच. माझा धागा! एफ/४ ला गायब. होणारच ना. एफ/१.८ ला या लेन्सचं छिद्र जवळजवळ ४७ मिलिमीटरचं असतं, एफ/४ ला २१ च्या आसपास. कडेचा धागा त्याच्या बाहेर राहतो. पण मी एफ/४ साठी घेतली का ही? मागचा भाग असा विरघळावा म्हणून तर १.८ ची घेतली!

कस्टमर केअरला फोन केला. पंधरा मिनिटं संगीत ऐकवलं आणि मग, “मॅडम, थोडी डस्ट नॉर्मल आहे. परफॉर्मन्सवर परिणाम होत नाही.” मी गोलांबद्दल सांगितलं तर, “सर्व्हिस सेंटरला द्या, ते उघडून साफ करतील.” उघडून! पाच दिवसांची लेन्स स्क्रू ड्रायव्हर लावून उघडायची? आतल्या काचा केसभर सरकल्या तर फोटोची एक बाजू मऊ येणार, आणि तेव्हा कुणाकडे जायचं? त्यात आतली धूळ वॉरंटीत बसते का, याचं सरळ उत्तर तीनदा विचारूनही मिळालं नाही.

खरा जीव इथेच अडकलाय. हा नग बाकी उत्तम आहे. विटांच्या भिंतीसमोर ट्रायपॉडवर लावून चारही कोपरे तपासले, सगळे सारखे धारदार. फोकस अचूक. बदलून येणारा नग स्वच्छ असेल आणि डावा कोपरा धूसर येत असेल तर? असे नग निघतात, एकदा मी भोगलंय. आणि कुणीतरी परत केलेलाच पुन्हा पॅक करून माझ्या माथी मारला तर? ही ठेवली आणि उद्या विकायला काढली, तर घेणारा पहिल्यांदा टॉर्चच मारणार. “नॉर्मल आहे” हे त्याला मी कुठल्या तोंडाने सांगू?

संताप त्या धाग्याचा कमी आणि याचा जास्त आहे, की चूक त्यांची आणि उलटतपासणी माझी. भिंती मी शोधायच्या, रात्री मी जागायचं, आणि वर पुन्हा मीच चिकित्सक, मीच नखरेल. पूर्ण पैसे मोजले तेव्हा मी थोडेसे कमी देऊन ‘नॉर्मल आहे’ म्हटलं होतं का?

परत करतेय. आत्ताच अर्ज भरला. कारणांच्या यादीत ‘आवडलं नाही’ आहे, ‘चुकून मागवलं’ आहे, कचऱ्याचं नाव कुठेच नाही. मी ‘सदोष’ निवडलं आणि भाचीच्या मागच्या गोलांचा फोटो जोडला, प्रत्येक रेघेवर लाल बाण काढून. उद्या सकाळी पार्सल न्यायला येणार आहेत. पुढचा नग येईल त्याच्यावरही टॉर्च मारणार, विटाही मोजणार, आणि त्यातही धागा निघाला तर तोही परत जाईल.