लमेत्र यांचा परिच्छेद हबल यांनी कापला नव्हता

‘विश्व प्रसरण पावतंय हे बेल्जियमच्या एका धर्मगुरूने आधी दाखवलं, पण हबलने इंग्रजी भाषांतरातून तो भाग गाळायला लावून श्रेय लाटलं’ असा मजकूर फिरतोय. पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा नाही.

हे धर्मगुरू म्हणजे जॉर्ज लमेत्र. त्यांचा फ्रेंच लेख १९२७ चा. त्यात आइन्स्टाइन यांच्या समीकरणांतून प्रसरण तर मांडलंच होतं, शिवाय दीर्घिकांचे वेग आणि अंतरं घेऊन प्रसरणाचा दरही काढला होता: दर मेगापार्सेकला (म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांच्या अंतराला) सेकंदाला सुमारे ६२५ किलोमीटर. दीर्घिका जितकी दूर तितकी ती वेगाने दूर जाते, हे दाखवणारा अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांचा लेख आला १९२९ मध्ये. पुढे १९३१ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात लमेत्र यांचा लेख इंग्रजीत आला, तर नेमका दराचाच परिच्छेद गायब. संशय येणारच.

पण २०११ मध्ये खगोलभौतिकशास्त्रज्ञ मारिओ लिव्हिओ यांनी सोसायटीच्या जुन्या दप्तरातून लमेत्र यांचं मार्च १९३१ चं पत्र शोधून काढलं. भाषांतर खुद्द लमेत्र यांनीच केलेलं. वेगांची ती तात्पुरती चर्चा पुन्हा छापण्यात आता अर्थ नाही, असं संपादकांना कळवणारेही तेच. तोवर हबल यांची सरस आकडेवारी आली होती ना!

हबल यांना बोल लावायचाच तर वेगळ्या गोष्टीसाठी लावा. त्यांच्या १९२९ च्या लेखातल्या आलेखातले बहुतेक वेग अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ व्हेस्टो स्लायफर यांनी मोजलेले, आणि लेखात स्लायफर यांचा उल्लेखही नाही. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने अंतर आणि वेगाच्या या नियमाला ‘हबल-लमेत्र नियम’ म्हणावं अशी शिफारस केली. स्लायफर त्यातही नाहीत.