डीव्हीआरची डिस्क फ्रीजरमध्ये ठेवा म्हणे!

'डीव्हीआर बीप-बीप करतोय? टेक्निशियनला पैसे देऊ नका, हार्ड डिस्क घरीच दुरुस्त करा.' सांगली-मिरजेतल्या झाडून सगळ्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. (डीव्हीआर म्हणजे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा; ते रेकॉर्डिंग त्यातल्या हार्ड डिस्कवर साठतं.) उपाय असे: डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. नाही चालली तर कॉम्प्युटरला जोडून फॉरमॅट मारा. खटखट वाजत असेल तर झाकण उघडून कापसानं पुसा. नाहीतर तसल्याच दुसऱ्या डिस्कचं सर्किट काढून बसवा. भिजली असेल तर उन्हात वाळवा. बीप मेनूतून बंद करा. आणि नवी घ्यायचीच झाली तर कॅमेऱ्याची वेगळी डिस्क घेऊ नका, ती निव्वळ लूट आहे.

मी कॅमेरे बसवायची कामं करतो. असले मेसेज रोज येतात, मी वाचतही नाही. पण हा सांगलीतच विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या काकूपर्यंत पोचला. दारातली स्कूटर चोरीला गेली होती, दुसऱ्या दिवशीपासून डीव्हीआर ओरडायला लागला, आणि काकूनं डिस्क काढून खरोखर फ्रीजरमध्ये ठेवली. मटारच्या पिशवीशेजारी, दोन कॅरीबॅगांत गुंडाळून. मी ओरडलो तर म्हणाली, "अरे, तूच म्हणायचास ना, गरम होऊन डिस्क जाते? मग गार केली तर काय बिघडलं?"

काकूचं तर्कशास्त्र ठीक आहे. मेसेज लिहिणाऱ्याचं नाही. फ्रीजमधून काढलेल्या पाण्याच्या बाटलीवर जुलैत काय होतं ते बघा. तेच डिस्कला होतं. काकूची डिस्क बाहेर काढली तेव्हा लेबल ओलं होतं आणि कनेक्टरच्या पिनांत थेंब दिसत होते. आतलं तर दिसतही नाही. बहुतेक डिस्कना हवेसाठी बारीक भोक असतं, आत फिल्टर असतो. 'हे भोक झाकू नका' असं त्याच्याशेजारी छापलेलंही असतं. फिल्टर धूळ अडवतो, दमट हवा नाही. डिस्कचं हेड, म्हणजे डेटा वाचणारा-लिहिणारा भाग, फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. तिथं दवाचा एक थेंब असताना डिस्क चालू केली तर हेडही गेलं आणि तबकडीवरचा डेटाही.

आता, यात तसूभर खरं आहे म्हणून हा उपाय मरत नाही. पूर्वीच्या डिस्कमध्ये बंद झाल्यावर हेड तबकडीवरच टेकायचं आणि कधीकधी चिकटून बसायचं. गार केल्यावर एखादी सुटायची, एखादी चालायचीही, तेवढ्यात डेटा काढून घ्यायचा. हल्लीच्या डिस्कमध्ये हेड बाजूच्या उतरणीवर जाऊन थांबतं. चिकटायचा प्रश्न सहसा येत नाही.

आणि 'गार म्हणजे चांगलं' हेही तपासलं गेलंय. गूगलच्या अभियंत्यांनी 2007 मध्ये एक लाखाहून जास्त हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कमी तापमानात चालणाऱ्या डिस्क उलट जास्त गेलेल्या दिसल्या. उष्णतेचा त्रास दिसला तो फार जास्त तापमानाला, आणि तोही थोडाच.

काकूच्या डिस्कला मुळात काही झालंच नव्हतं. आधी ती पूर्ण कोरडी होऊ दिली, मग अडॅप्टर बघितला. 12 व्होल्ट 2 अँपिअरचा, जुना, हात लावला की चटका बसेल इतका तापलेला. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना काही सेकंद एकटीच 12 व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास ओढते. अडॅप्टर थकलेला असला की व्होल्टेज पडतं, डिस्क उचलते, बसते, परत उचलते, आणि ते टक्-टक् ऐकून सगळे म्हणतात डिस्क गेली. डिस्कवर बोट ठेवून बघा, थरथर सुरू होऊन मध्येच विझते ती जाणवते. दुसरा अडॅप्टर लावला, डिस्कला जोडणारी साटा केबल बदलली, डिस्क डिटेक्ट झाली. पहिल्यांदा फुटेजची कॉपी काढली, मग बाकीचं.

दुसरा घातक उपाय फॉरमॅटचा. डीव्हीआर डिस्क आपल्या पद्धतीनं फॉरमॅट करतो, ती बहुतेक वेळा विंडोजला वाचता येत नाही. म्हणून कॉम्प्युटरला जोडली की 'फॉरमॅट करा' किंवा 'इनिशियलाइज करा' अशी खिडकी येते. ती डिस्क खराब असल्याची खूण नाही. तिथं 'हो' म्हणालात की मांडणी पुसली. डीव्हीआरच्या मेनूतून इनिशियलाइज केलं तर आणखी वाईट, कारण तो लगेच नवं रेकॉर्डिंग जुन्यावर लिहायला लागतो. चोरीचं फुटेज हवंय आणि फॉरमॅट मारताय? काय बोलायचं!

एवढं मान्य करतो की डिस्कवर पहिल्यापासून शेवटपर्यंत नवं लिहिलं तर कमजोर सेक्टर (साठवणीचे छोटे कप्पे) बाजूला काढून राखीव सेक्टर वापरात येतात आणि ती काही काळ गुण्यागोविंदानं चालते. किती काळ? गूगलच्या त्याच अभ्यासात, तपासणीत पहिली एरर दिसलेली डिस्क पुढच्या 60 दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतरांच्या 39 पट निघाली. अशी डिस्क दुरुस्त झाली असं समजून दुकानाच्या गल्ल्यावर लक्ष ठेवायला लावू नका. उलट बाजूही ऐका: बंद पडलेल्या डिस्कपैकी 56 टक्क्यांहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदींच्या, चार मुख्य आकड्यांत काहीच इशारा दिला नव्हता. मेनूत हेल्थ 'गुड' दिसतेय म्हणून निर्धास्त राहायचं कारण नाही.

झाकण उघडून पुसणं: मार्केट यार्डातल्या हळदीच्या गाळ्यात डीव्हीआरचा पंखा उघडला की हात पिवळे होतात. तिथं डिस्क उघडणार? घरातला धुळीचा कणही त्या हेडखालच्या फटीच्या हजारपट असतो. कापसाबद्दल मी बोलतच नाही.

सर्किट बदलणं जुन्या डिस्कना कधीकधी चालायचं. आता प्रत्येक डिस्कची स्वतःची मोजमापं त्या बोर्डवरच्या चिपमध्ये असतात. ती चिप उचलून दुसऱ्या बोर्डवर बसवल्याशिवाय उपयोग नाही, आणि ते स्क्रू ड्रायव्हरचं काम नव्हे.

उन्हात वाळवण्याबद्दल सांगलीकरांना वेगळं सांगायला नको होतं. 2019 च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं आणि नंतर पेठेत डीव्हीआर उन्हात मांडलेले मी बघितलेत. पुराचा गाळ तबकडीवर वाळला की खरवडीसारखा बसतो. भिजलेली डिस्क वाळवायची नाही, चालू करायची नाही. तशीच ओलसर, पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्यायची.

बीप बंद करणं हा उपाय आहे, असं लिहिणाऱ्याच्या हिमतीला दाद दिली पाहिजे. रेकॉर्डिंग होत नाही हे सांगायलाच ती बीप आहे.

राहिली ती 'लूट'. साधी डिस्क डीव्हीआरमध्ये चालते, हे खरं. कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं चालली आहे. पण साधी डिस्क खराब सेक्टर वाचायला परत परत झटत बसते, तेवढ्यात चालू रेकॉर्डिंग तुटतं. कॅमेऱ्यासाठीची डिस्क चोवीस तास लिहिण्याच्या हिशेबानं बनवलेली असते. घरी दोन कॅमेरे आणि फक्त हालचालीवर रेकॉर्डिंग असेल तर साधी घ्या, माझी हरकत नाही. आठ कॅमेरे रात्रंदिवस चालवायचे असतील तर चांगल्या अडॅप्टरवर पैसे घाला आणि डिस्क कॅमेऱ्याचीच घ्या.