म्युनिकमधून पाहिलेली अमेरिकी निवडणूक

युरोपात स्थायिक झालेल्या भारतीयांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत एवढे गुंतण्याचे कारण नाही, हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातील मत म्युनिकमध्ये राहून मला पटत नाही. तिकडे मोटारींवरील आयातशुल्क वाढले, तर फटका आमच्या बव्हेरिया राज्यातील कारखान्यांना, म्हणजे आमच्यापैकी अनेकांच्या पगाराला बसतो. पेनसिल्व्हेनियातील मतदान रात्री आठला संपते तेव्हा आमच्याकडे पहाटेचे दोन वाजलेले असतात. तरीही २०२४ मध्ये चहाचा थर्मास शेजारी ठेवून मी त्या राज्याच्या १९ प्रतिनिधी-मतांसाठी (अध्यक्ष थेट जनमताने नव्हे, तर राज्यांना वाटून दिलेल्या अशा मतांनी ठरतो) जागलो. सकाळी जर्मन सहकारी नेहमीप्रमाणे या निवडणूक पद्धतीवर तुटून पडले, कारण २०१६ मध्ये २८ लाखांहून अधिक मते जास्त मिळूनही हिलरी क्लिंटन हरल्या, हे त्यांच्या अजून पचनी पडलेले नाही. (त्यांचा चान्सेलर, म्हणजे सरकारप्रमुखही जनता थेट निवडत नाही, बुंडेस्टाग ही संसद निवडते, हे मी हळूच सुचवून पाहिले.) त्याच ६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी तेव्हाचे चान्सेलर शोल्झ यांनी अर्थमंत्री लिंडनर यांना दूर करण्याचे जाहीर केले, त्रिपक्षीय आघाडी मोडली आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर ट्रम्प यांचे नावही कोणी काढले नाही.