नांदेड म्हणजे फक्त लंगर आणि सेल्फी नाही हो

परवा पुण्यातल्या एका मित्राचा मेसेज आला, नांदेडला गुरुद्वारा सोडून बघायला काय आहे रे? डोकंच फिरलं. अरे बाबा, गुरुद्वारा काय एकच आहे का तिथं! सचखंड या मुख्य गुरुद्वाऱ्यात माथा टेकला, लंगरात जेवलास आणि गाडी पकडलीस म्हणजे नांदेड झालं असं नसतं.

गाव किती जुनं ते तर बघ. वाशिमला सापडलेल्या, वाकाटक राजांच्या चौथ्या शतकातल्या ताम्रपटातलं नांदीकट म्हणजे हेच असं अभ्यासक मानतात, म्हणजे गुरु गोबिंदसिंगजी १७०८ मध्ये आले तेव्हाच हे गाव हजार वर्षांहून जुनं होतं. इथंच गोदावरीकाठी त्यांना माधोदास बैरागी भेटला, जम्मूकडचा माणूस, इथं मठ थाटून बसलेला, त्याचा झाला बंदासिंग बहादूर आणि दोन वर्षांत पठ्ठ्यानं पंजाबात जाऊन मुघलांचं सरहिंद शहर घेतलं! तरी त्या मठाच्या जागी असलेल्या बंदाघाटला जाऊन आलोय असं सांगणारा मला क्वचितच भेटतो. आणि यापुढे कुणी माणूस गुरू नाही, ग्रंथच गुरू, हेही इथंच ठरलं. त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत, नरसी तर शेजारच्या हिंगोलीत. (इथले शीख फाडफाड मराठी बोलतात, उगाच हिंदी झाडू नका.)

सचखंडची आजची इमारत महाराजा रणजितसिंगांनी १८३० च्या दशकात बांधून घेतली, ती सगळे बघतातच. माझं ऐकाल तर आधी घाटांवर जा. हिराघाटची गोष्ट सांगतात की बादशहा बहादूरशहानं दिलेला हिरा गुरूंनी सरळ नदीत टाकला, तो चिडला तर म्हणाले घाल हात आणि तुझा ओळखून काढ, बघतो तर पाण्यात हिरेच हिरे. आता घालून बघा हात! शहराचे नाले त्याच पात्रात येतात. ग्रंथाला गुरुपद मिळाल्याला तीनशे वर्षं झाली म्हणून २००८ मध्ये गुरुतागद्दी सोहळा झाला, त्याला रस्ते रुंद झाले, विमानतळ सुधारला, सगळं भारी झालं, नदी तेवढी राहिली. आणि सचखंडचं तख्त, म्हणजे गुरूंचं आसन, धुवायला पाणी आजही रोज याच गोदावरीचं लागतं, पहाटेच्या अंधारात सेवेकरी घागर भरून घेऊन जातो, कित्येक पिढ्यांची रीत आहे ती. ती घागर जाताना एकदा बघितली ना, की नाल्याकडं बघवत नाही.

मित्राला सांगितलंय, दोन दिवस काढ आणि एक दिवस पहाटे दोनला उठायची तयारी ठेव. ब्लू टिक आलीये, रिप्लाय नाही अजून.